सेप्टिक टँकसाठी कंपनी निवडताना: सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घरमालकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

आपल्या भागात सेप्टिक टँकचे काम बहुतेक घरांत उलट्या क्रमाने होते. आधी टाकी किती लिटरची ते ठरते, मग दोन-तीन ठिकाणी दर विचारले जातात, त्यानंतर जेसीबी येतो. जमिनीत पाणी मुरते का, हा खरे तर पहिला प्रश्न, पण पावसाळ्यात परसदारी दुर्गंधीचे पाणी वर येऊ लागल्यावरच तो विचारला जातो. तोपर्यंत फरशी बसलेली असते, कुंपण बांधलेले असते आणि ठेकेदार फोन उचलत नाही.

कंपनी जाणकार आहे की नाही, हे तिच्या पहिल्या प्रश्नांवरून बरेच कळते. जागा न पाहता जी फोनवर दर सांगते, तिच्याकडे विकायला टाकी आहे. जी आधी विहीर किती लांब आहे, माती कोणती आहे, टाकीतील मैला उपसणारी गाडी कुठपर्यंत येऊ शकते हे विचारते, तिच्याशी पुढचे बोलणे करावे. मात्र या प्रश्नांची उत्तरे घरमालकाकडे तयार नसतील, तर चांगल्या कंपनीलाही अंदाजानेच काम करावे लागते. म्हणून पुढील टप्प्यांपैकी पहिले चार कंपनीला बोलावण्याआधीचे आहेत.

टप्पा १: सेप्टिक टँकची गरज आहे का, हे आधी तपासावे

आपल्या रस्त्यावर भुयारी गटार टाकलेले असेल, किंवा त्याचे काम मंजूर झाले असेल, तर नगरपरिषदेच्या अथवा महानगरपालिकेच्या कार्यालयात जोडणीची चौकशी प्रथम करावी. गटार नसल्यास बांधकाम परवान्याच्या नकाशात टाकी आणि शोषखड्डा (टाकीतून बाहेर पडणारे सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) कुठे दाखवला आहे ते पाहावे, कारण प्रत्यक्ष खोदाई बहुधा नकाशापेक्षा वेगळ्या जागी होते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे तेथे खोदाईपूर्वी परवानगीची खातरजमा अधिक काटेकोरपणे करावी.

टप्पा २: जागेची नोंद स्वतः करावी

एका कागदावर प्लॉटची आकृती काढून पुढील गोष्टी मोजून लिहाव्यात: घराचा पाया, आपली आणि शेजाऱ्यांची विहीर किंवा बोअर, पाण्याची जमिनीखालची टाकी, उताराची दिशा, गाडी थांबू शकेल असा रस्ता आणि मोठी झाडे. भारतीय मानक आयएस २४७० नुसार सांडपाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावी लागते.

आपल्याकडचा सर्वांत अवघड प्रश्न येथेच उभा राहतो. दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर, त्यात घर, पार्किंग, आपला बोअर आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा बोअर. अशा जागेत ही दोन्ही अंतरे पाळणे पुष्कळदा अशक्य असते. जी कंपनी ही अडचण स्वतःहून बोलून दाखवते आणि पर्याय सुचवते, तिला काम कळते. "सगळेच असे करतात" या उत्तरावर समाधान मानू नये, कारण त्या बोअरचे पाणी कोणाच्या तरी घरात पिण्यासाठी वापरले जाते.

त्यानंतर भूजलाची पातळी विचारावी. उन्हाळ्यातील पातळी येथे उपयोगाची नाही. पावसाळा संपत आल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, जवळच्या विहिरीत पाणी जमिनीपासून किती खाली असते हे जुन्या रहिवाशांकडून समजून घ्यावे. मिरज, वाळवा आणि पलूस तालुक्यांतील बारमाही बागायतीच्या पट्ट्यात पाणी वर्षभर वर राहते आणि काही जमिनी क्षारपड झालेल्या आहेत. याउलट माण, खटाव, जत आणि आटपाडीकडे थोड्या मातीखाली मुरूम किंवा कठीण खडक लागतो. तेथे खडकाच्या भेगांतून न गाळलेले पाणी सरळ विहिरीपर्यंत जाण्याचा धोका असतो, म्हणून पाणी झटपट नाहीसे होणे हे तिथे चांगले लक्षण मानू नये.

पडताळणी: घर कृष्णा किंवा वारणेच्या पूरपट्ट्यात असल्यास २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते, ती खूण आकृतीवर नोंदवावी. पुढील प्रत्येक निर्णय या खुणेवर अवलंबून राहील.

टप्पा ३: पाणी मुरण्याची चाचणी

ही चाचणी अत्यंत स्वस्त आहे आणि तीच सर्वाधिक वेळा टाळली जाते. कंपनी ती करणार असली, तरी घरमालकाने शेजारी उभे राहून ती पाहावी.

१. ज्या जागी शोषखड्डा किंवा चर करायचा आहे, तेथे १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा आणि नियोजित चराइतक्या खोलीचा खड्डा घ्यावा.

२. खड्ड्याच्या बाजू टोकदार सळईने खरवडून घ्याव्यात. कुदळीने किंवा पहारीने बाजू गुळगुळीत होतात आणि मातीची छिद्रे बुजतात. सुटी माती काढून तळाशी ५ सेंटिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी घालावी.

३. खडीवर किमान ३० सेंटिमीटर पाणी राहील इतके भरून रात्रभर मुरू द्यावे.

४. दुसऱ्या दिवशी पाणी शिल्लक असेल, तर ते खडीच्या वर १५ सेंटिमीटरवर आणावे आणि ३० मिनिटांत पातळी किती उतरते ते मोजावे. रात्रीतून सगळे पाणी मुरले असेल, तर पुन्हा १५ सेंटिमीटर भरून दर ३० मिनिटांनी मोजत चार तास चाचणी चालवावी आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरावा.

५. पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात, हा मुरण्याचा दर होय. उदाहरणार्थ, अर्ध्या तासात पातळी २० मिलिमीटर उतरली, तर दर साडेसदतीस मिनिटे येतो.

इशारा: काळ्या मातीत ही चाचणी एप्रिल-मे महिन्यांत घाईने केल्यास हमखास फसवते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांमधून पाणी झरझर निघून जाते आणि जमीन उत्तम मुरते असे वाटते. तीच माती पावसात फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जागचे हलत नाही. त्यामुळे रात्रभर भिजवण्याची पायरी काळ्या मातीत कधीही वगळू नये, उलट माती पूर्ण फुगेपर्यंत आणखी एक दिवस भिजवावे. खड्डा उघडा असताना त्यावर फळी ठेवावी, घरात लहान मुले असतील तर विशेषच.

टप्पा ४: चाचणीवरून पद्धत ठरवावी

आता पद्धत ठरवता येते. पावसाळ्यातील भूजल जमिनीपासून १८० सेंटिमीटरपेक्षा खाली असेल आणि मुरण्याचा दर ३० मिनिटांच्या आत असेल, तर शोषखड्डा चालतो. हा दर ३० ते ६० मिनिटांच्या दरम्यान असेल, तर शोषखड्डा चालत नाही. तेथे सच्छिद्र पाइप आणि खडी घातलेले उथळ चर घ्यावे लागतात आणि त्यांना बरीच जास्त जागा लागते. हा दर ६० मिनिटांहून अधिक असेल, तर जमीन सांडपाणी मुरवण्यास अयोग्य समजावी. अशा वेळी टाकीनंतर खडीचा फिल्टर बांधून प्रक्रिया झालेले पाणी बागेकडे नेणे हा मार्ग राहतो. भूजल १८० सेंटिमीटरच्या आत येत असेल, तर चर किंवा फिल्टर जमिनीच्या वर भराव करून त्यात बांधावा लागतो.

मिरज किंवा तासगावच्या काळ्या रानातील घराला जावळीच्या तांबड्या मातीतील घराचाच शोषखड्डा, त्याच मापाने, बांधून देणारे ठेकेदार आहेत. वरील चार निकष हातात असले, की अशा ठेकेदाराला ओळखणे कठीण जात नाही.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ असते, हा समज सोडून द्यावा. टाकीत घन मैला तळाशी बसतो आणि काही अंशी कुजतो, रोगजंतू मात्र पाण्याबरोबर बाहेर जातात. त्यामुळे टाकीचे पाणी उघड्या गटारात किंवा ओढ्यात सोडण्याचा सल्ला देणारी कंपनी तेथेच बाद करावी.

टप्पा ५: कंपन्यांना जागेवर बोलवावे

किमान तीन कंपन्यांना बोलवावे आणि प्रत्येकीला तीच आकृती व तीच चाचणी दाखवावी. आपल्याकडे हे काम तीन प्रकारचे लोक करतात: बांधकाम ठेकेदार, तयार टाक्यांचे विक्रेते आणि मैला उपसणाऱ्या गाड्यांचे मालक. टाकी कुठे चुकते हे तिसऱ्या गटाला सर्वांत जास्त ठाऊक असते, कारण ते रोज झाकणे उघडतात. काम कोणालाही द्या, पण जवळच्या गाडीवाल्याचे मत अवश्य घ्या.

भेटीत पुढील प्रश्न विचारावेत.

टाकीचे माप कसे काढले? उत्तरात घरातील माणसांची संख्या आणि उपशाचे वर्षांतील अंतर या दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. आयएस २४७० मध्ये ५ माणसांसाठी आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि दोन वर्षांनी उपसा धरून १.०५ मीटर पाण्याची खोली दिलेली आहे. १० माणसांसाठी ही मापे २.० मीटर, ०.९ मीटर आणि १.४ मीटर आहेत. पाण्याच्या वर सुमारे ३० सेंटिमीटर मोकळी जागा वेगळी ठेवावी लागते. गणपतीला आणि यात्रेला घर भरते म्हणून टाकी दुप्पट करण्याची गरज नसते, परंतु वरचा मजला भाड्याने द्यायचा असेल तर तो आजच हिशेबात धरावा.

स्वयंपाकघराचे आणि न्हाणीचे पाणी कुठे जाणार? ते टाकीत घ्यायचे असल्यास माप त्यानुसार वाढले पाहिजे. स्वयंपाकघराच्या वाटेवर तेल अडवणारे चेंबर हवेच. गच्चीचे पावसाचे पाणी मात्र कोणत्याही परिस्थितीत टाकीत घेऊ नये, त्याच्या लोंढ्याने बसलेला गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो.

पूरपट्ट्यात टाकी वर उचलली जाणार नाही यासाठी काय करणार? २,००० लिटरची रिकामी बंद टाकी पाण्याने वेढली गेली, तर पाणी तिला सुमारे दोन टन जोराने वर ढकलते. प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी म्हणूनच खालच्या काँक्रीटच्या थराला पट्ट्यांनी बांधावी लागते. घराकडून येणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट घरात येऊ न देणारी झडप) बसवणार का, हेही येथेच विचारावे. पाचगणी किंवा पाटणकडील डोंगरउतारावर प्रश्न वेगळा असतो. तेथे घर रस्त्याच्या खाली आणि टाकी त्याच्याही खाली असते. उपसा गाडीला इतक्या खालून मैला ओढता येईल का आणि पाइप पुरेल का, हे त्या गाडीच्या मालकाला जागा दाखवूनच ठरवावे.

दोन पावसाळे काढलेली, आपल्यासारख्याच मातीतील दोन कामे दाखवता येतील का? नवे चकचकीत काम पाहून काहीही कळत नाही. जुन्या कामावर गेल्यावर शोषखड्ड्याभोवतीची जमीन ओली आहे का, झाकण उघडता येते का, हे पाहावे आणि जुलैमध्ये शौचालयाचे पाणी हळू उतरते का, हे घरातील बाईमाणसांना विचारावे. रोजचा त्रास त्यांनाच ठाऊक असतो.

पडताळणी: "आमच्या टाकीला कधीच उपसा लागत नाही" असे सांगणाऱ्या कंपनीशी बोलणे थांबवावे. प्रत्येक टाकीत गाळ साचतो. उपसा लागत नसेल, तर बहुधा टाकीला तळच नाही आणि मैला जमिनीत झिरपतो आहे.

टप्पा ६: दरपत्रक लेखी आणि सुटे घ्यावे

एकरकमी आकडा स्वीकारू नये. खोदाई, खडक लागल्यास त्याचा वेगळा दर, टाकीची आतील मापे, भिंतीची जाडी, आतील गिलावा, झाकणे, पाइपांचा व्यास, वायुनलिका, शोषखड्डा किंवा चर, पाणी भरून केलेली गळती चाचणी आणि निघालेल्या मातीची विल्हेवाट, असे मुद्दे वेगवेगळे लिहून घ्यावेत. तयार सिमेंट टाकी असल्यास ती आयएस ९८७२ नुसार आहे का, हे बिलावर नमूद करून घ्यावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि माझ्या मते एकूण रकमेचा दहावा हिस्सा एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घालावी. ज्या कंपनीला आपल्या कामाची खात्री असते, ती या अटीवर फार अडत नाही.

टप्पा ७: काम चालू असताना पाहायच्या गोष्टी

माती ढकलण्यापूर्वी पुढील बाबी टेप लावून तपासाव्यात आणि फोनवर छायाचित्रे काढून ठेवावीत.

१. तळ काँक्रीटचा आणि सलग हवा. तळ मोकळा ठेवून "पाणी खालून मुरेल" असे सांगितले गेल्यास काम थांबवावे.

२. आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही पाइप किमान १०० मिलिमीटर व्यासाचे असावेत आणि दोन्हींना टाकीत टी-जोड हवा. येणाऱ्या टीचे खालचे टोक पाण्यात सुमारे ३० सेंटिमीटर बुडालेले असावे. टी नसेल, तर वर तरंगणारी साय सरळ शोषखड्ड्यात जाते आणि तो खड्डा थोड्याच काळात बुजतो.

३. बाहेर जाण्याचा पाइप येण्याच्या पाइपापेक्षा ५ सेंटिमीटर खाली असावा. ही पातळी गवंड्याने नळी-पातळीने आपल्यासमोर दाखवावी.

४. टाकी २,००० लिटरपेक्षा मोठी असल्यास आत आडभिंत हवी. ती येणाऱ्या बाजूकडून लांबीच्या दोन-तृतीयांश अंतरावर असते आणि प्रत्येक कप्प्यावर स्वतंत्र झाकण लागते. गोल झाकण किमान ५० सेंटिमीटर व्यासाचे असावे.

५. वायुनलिका किमान ५० मिलिमीटर व्यासाची, वर डासांची जाळी लावलेली आणि घर जवळ असल्यास छपराच्या २ मीटर वर नेलेली असावी.

६. शोषखड्डा किमान ९० सेंटिमीटर रुंद आणि पाइपच्या खाली किमान १ मीटर खोल असावा. त्याच्या भिंतीचे खालचे सांधे सिमेंटविना उघडे ठेवून मागे साडेसात सेंटिमीटर जाडीची स्वच्छ खडी भरावी. गवंडी सवयीने हे सांधे भरून टाकतात आणि मग शोषखड्ड्याचा हौद होतो.

इशारा: झाकणांवर फरशी, कोबा किंवा तुळशीवृंदावन येऊ देऊ नये. टाकीवर गाडी उभी राहणार असेल, तर वरचा स्लॅब त्या वजनासाठीच केला पाहिजे आणि हे दरपत्रकात लिहिलेले असावे.

टप्पा ८: गळती चाचणी आणि टाकी सुरू करणे

गिलाव्याचे पाणी मारून झाल्यावर टाकी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीपर्यंत भरावी. भिंतींनी पाणी शोषून घेतल्यावर पुन्हा भरून खूण करावी आणि २४ तासांनी पाहावे. पातळी उतरल्यास आधी दुरुस्ती, मग माती. टाकी रिकामी ठेवून वापर सुरू करू नये. पाण्याने भरलेल्या टाकीत चालू टाकीतील थोडा कुजलेला गाळ, तो न मिळाल्यास थोडे कुजलेले शेण घालावे. जंतूंच्या महागड्या पुड्या घेण्याची आवश्यकता नाही.

टप्पा ९: देखभाल आणि उपसा

शौचालयात ॲसिड आणि तीव्र जंतुनाशके वारंवार ओतू नयेत, कारण टाकीतील कुजवण्याचे काम जंतूच करतात. सॅनिटरी पॅड, डायपर आणि कापड टाकू नये. उपसा दर दोन ते तीन वर्षांनी करावा. वाई नगरपरिषदेने २०१८ पासून तक्रारीची वाट न पाहता शहरातील घरांच्या टाक्या दर तीन वर्षांनी ठरलेल्या क्रमाने उपसण्याची पद्धत सुरू केली आणि उपसलेल्या मैल्यासाठी प्रक्रिया केंद्र चालवले. आपल्या गावात अशी सोय नसली, तरी हा कालावधी घरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवता येतो.

उपशासाठी बोलावलेल्या कंपनीला दोन गोष्टी आधीच विचाराव्यात: स्थानिक संस्थेची परवानगी आहे का, आणि मैला कुठे रिकामा करणार? ओढा, नदी किंवा कोणाच्या तरी उसाचे रान, असे उत्तर आल्यास दुसरी कंपनी पाहावी आणि नगरपरिषदेला कळवावे.

टाकीत माणूस उतरता कामा नये, हा या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाचा इशारा आहे. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असतात. पहिल्याच्या प्रभावाने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वाचत नाही. झाकण काही वेळ उघडे ठेवले, म्हणून आतील हवा सुरक्षित होत नाही. पुरेशा संरक्षक साधनांविना कोणाला टाकीत उतरवणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यात पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि काम करवून घेणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. तळाचा घट्ट गाळ निघत नाही म्हणून "पोरगा उतरवतो" असे कोणी म्हणाले, तर त्याला तिथेच थांबवावे. पाणी मारून गाळ सैल करून गाडीने ओढता येतो. सुरक्षित उपशाच्या मदतीसाठी १४४२० हा क्रमांक आहे. झाकण उघडे असताना जवळ विडी किंवा काडी पेटवू नये.

उपसा करताना थोडा जुना गाळ तळाशी राहू द्यावा, म्हणजे टाकी लवकर पूर्ववत चालू होते. उपसा संपताच ती पुन्हा पाण्याने भरावी. पूरपट्ट्यात हे त्याच दिवशी झाले पाहिजे आणि जून ते सप्टेंबर या काळात तेथे उपसा टाळावा. भरल्यानंतर झाकणे चिकणमातीने किंवा कमी सिमेंटच्या मालाने हवाबंद करावीत, पावती घ्यावी आणि उपशाची तारीख, गाडीवाल्याचा क्रमांक व गाळ किती निघाला ही नोंद टाकीच्या बांधकामाच्या छायाचित्रांसोबत ठेवावी.